जमीन मिळाली, घरे झाली. दप्तर कुठे आहे?

मे महिन्यातल्या एका रविवारी मुळशी तालुक्यातल्या एका विहारात आम्ही चौघे कार्यकर्ते एका मागासवर्गीय सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसोबत बसलो होतो. संस्था तीस घरांची. शासनाने सवलतीत दिलेल्या जमिनीवर ऐंशीच्या दशकात बांधलेली बैठी घरे, पावसाळ्यात गळणारे स्लॅब आणि भोवती उभे राहिलेले बारा-पंधरा मजली टॉवर. पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन एक बिल्डर आला होता. त्याचे रंगीत माहितीपत्रक प्रत्येक घरात पोहोचले होते. वस्तीतली तरुण मुले आम्हाला विचारत होती, ऑफर चांगली आहे की फसवणूक आहे? आम्ही उलट विचारले, शेवटचे ऑडिट कधी झाले?

कोणीच बोलेना. मग सचिव काका उठले आणि घरून एक पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत जमीन वाटपाचा आदेश होता, नोंदणी प्रमाणपत्र होते, भाग दाखल्यांची काही स्थळप्रती होत्या, पावती पुस्तके होती. प्रोसिडिंग बुकात शेवटच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आठ वर्षांपूर्वीचे. सभासदांची 'जे' नमुन्यातली यादी नाही. एका पतसंस्थेतल्या मुदत ठेवीची पावती होती, तिची मुदत केव्हाच संपलेली.

इथे कोणी पैसे खाल्ले नव्हते, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. सचिव काका एकोणीस वर्षे बिनमानधन काम करत होते. पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती त्यांनी दोनदा स्वतःच्या खिशातून केली होती. आपल्या समाजातल्या बहुतेक संस्था अशाच एकदोन माणसांच्या खांद्यावर तगून आहेत. पण माणसाच्या सचोटीवर चाललेली संस्था त्या माणसाच्या म्हाताऱ्या होण्याबरोबर म्हातारी होते. बिल्डरसमोर उभे राहायची वेळ येते तेव्हा सचोटी टेबलावर ठेवता येत नाही. तिथे दप्तरच ठेवावे लागते.

ही घरे आली कुठून, हे नव्या पिढीला माहीत असायला हवे. स्वातंत्र्यानंतर लगेचच सरकारने युद्धोत्तर पुनर्रचना योजना क्रमांक २१९ खाली मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना सवलतीत जमीन आणि मदत द्यायला सुरुवात केली. जुन्या कागदांवर 'पी.डब्ल्यू.आर. २१९' असा शेरा दिसतो तो हाच. गावकुसाबाहेरच्या माणसाला शहरात भाड्याने खोली मिळत नव्हती, आडनाव कळले की घरमालक 'जागा दिली गेली' म्हणत होता, त्या काळात सहकारी संस्था काढून स्वतःची कॉलनी वसवणे हा साधा निवाऱ्याचा प्रश्न नव्हता. गिरणीतले कामगार, नगरपालिकेचे कर्मचारी, पोस्टमन, शिक्षक यांनी एकत्र येऊन भागभांडवल भरले, तेव्हा कुठे या वसाहती उभ्या राहिल्या. जमीन मात्र भोगवटादार वर्ग-२ राहिली. म्हणजे सातबाऱ्यावर संस्थेचे नाव असले तरी विकायला, हस्तांतर करायला किंवा वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगी न घेता घर विकले की शर्तभंग. आणि अशी 'नोटरी'वर विकलेली घरे जवळपास प्रत्येक संस्थेत दोन-चार असतातच. त्यांचे काय करायचे, हा विषय सभेत कोणी काढत नाही.

मुळशीत हा विषय आता टाळता येणार नाही. हिंजवडी आणि माणच्या शिवारात आयटी पार्क आले, २०१५ मध्ये पीएमआरडीए आली, ३० जून २०२१ ला म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक ही गावे पुणे महापालिकेत गेली. जी जमीन सरकारने एकेकाळी 'गावाबाहेरची' म्हणून आपल्याला दिली, ती आज मोक्याची झाली आहे. या तालुक्याला जमीन जाण्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, तो पाठ्यपुस्तकातही आहे. तेव्हा पाणी येताना दिसत तरी होते. आता जमीन कागदावरून सरकते.

मोठ्या भांडवलामुळे घरे सुरक्षित राहतात असा कोणाचा समज असेल तर त्याचेही उत्तर मुळशीतच आहे. लवासा. डोंगरात आखलेले शहर, स्वतःचे नियोजन प्राधिकरण, बँकांचे हजारो कोटींचे कर्ज. ३० ऑगस्ट २०१८ ला ती कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने १,८१४ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला, पण ठरल्याप्रमाणे पैसे न आल्याने तोही अडला. ज्यांनी आयुष्यभराची बचत घालून तिथे फ्लॅट घेतले ते वर्षानुवर्षे दावेदारांच्या रांगेत. तिथल्या कारभारात घर घेणाऱ्याला मत नव्हते. आपल्या तीस घरांच्या संस्थेत प्रत्येक सभासदाला एक मत आहे. घर लहान असो वा मोठे, मत एकच. एवढी ताकद हातात असून ती आठ वर्षांत एकदाही वापरली गेली नाही, हे आम्हाला जास्त लागले.

आता पैशाचा भाग. तो कंटाळवाणा वाटेल, पण खरी मेख तिथेच आहे.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत दोन निधी सांगितले आहेत. बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के दरवर्षी सिंकिंग फंड आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. आम्ही त्या दिवशी विहारातल्या फळ्यावर हिशोब मांडला. समजा प्रत्येक घर बांधायला तेव्हा साठ हजार रुपये लागले. तीस घरांचे अठरा लाख. त्याचा एक टक्का अठरा हजार रुपये वर्षाला, म्हणजे घरटी महिना पन्नास रुपये. पस्तीस वर्षे एकही हप्ता न चुकता भरला असता तर व्याज न धरता सहा लाख तीस हजार. ही रक्कम आजच्या बांधकाम खर्चापुढे काहीच नाही. तीस घरे त्यातून उभी राहणार नाहीत.

मग पन्नास रुपये गोळा करून उपयोग काय, असे एका तरुणाने विचारले. प्रश्न रास्त होता. उपयोग असा की त्या सहा लाखांत संस्थेला स्वतःचा आर्किटेक्ट नेमता आला असता, इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करता आले असते, जमिनीची मोजणी करून घेता आली असती, वकिलाची फी देता आली असती. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ चे जे शासकीय निर्देश आहेत त्यांत संस्थेने आधी स्वतःचा वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमून व्यवहार्यता अहवाल घ्यावा असा क्रम आहे. बिल्डर त्यानंतर येतो. ज्या संस्थेच्या खात्यात सल्लागाराच्या फीपुरते पैसे नसतात तिथे हा क्रम उलटतो. बिल्डरच सांगतो, 'सल्लागाराचे मी बघतो.' मग तो अहवाल नावाला संस्थेचा राहतो, हिशोब बिल्डरचा असतो. किती एफएसआय मिळणार, त्यातला किती सभासदांना आणि किती विक्रीला, हे आकडे आपल्याला समोरच्या पार्टीच्या तोंडून कळतात. आमच्या मते गरीब संस्था लुटली जाते ती जागा हीच आहे. करारावर सही होण्याच्या कितीतरी आधी.

०.२५ टक्के ही किमान मर्यादा आहे, हेही लक्षात घ्या. सर्वसाधारण सभा ठराव करून त्यापेक्षा जास्त निधी ठरवू शकते. चाळीस वर्षांपूर्वीच्या खर्चावर टक्केवारी काढत बसण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

थकबाकीचा विषय निघाला तेव्हा सभेत थोडा गरमपणा आला. तीसपैकी अकरा घरांची वर्गणी बाकी होती, काहींची सहा-सहा वर्षांची. उपविधीनुसार थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते आणि निबंधकांकडून वसुली दाखलाही घेता येतो. पण शेजाऱ्यावर, त्यातही आपल्याच माणसावर, दाखला काढायचा कसा? हा संकोच आम्ही समजू शकतो. मात्र थकबाकीदारांत दोन घरे चांगल्या सरकारी नोकरीतली होती आणि नियमित भरणाऱ्यांत धुणीभांडी करणाऱ्या दोन विधवा होत्या. संकोचाचा फायदा कोणाला मिळतो, ते यादी वाचल्यावर कळते.

जमलेला पैसा ठेवायचा कुठे, याचाही विचार होत नाही. पुणेकरांनी रुपी सहकारी बँक पाहिली आहे. २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये गेला. फेब्रुवारी २०२० पासून बँक ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण गृहनिर्माण संस्था ही एकच ठेवीदार धरली जाते. तीस कुटुंबांचे मिळून वीस लाख असले तरी एका बँकेत विमा पाच लाखांचाच. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमा मुळीच लागू नाही. ओळखीचा संचालक आहे, अर्धा टक्का व्याज जास्त देतो, म्हणून सामुदायिक निधी तिथे ठेवणे हा व्यक्तीने स्वतःच्या पैशाशी खेळलेला जुगार नसतो, तो दुसऱ्यांच्या पैशाशी असतो.

कारभाराची अडचण याहून किचकट निघाली. २०१९ च्या त्याच निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर लागतात आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्के संमती लागते. तीस सभासदांचे वीस. सोपे वाटते. पण तीस मूळ सभासदांपैकी नऊ जण वारले आहेत आणि त्यांच्या वारसांच्या नोंदीच झालेल्या नाहीत. म्हणजे मत देऊ शकणारे एकवीस. त्यातला एक जण आजारी पडला तरी सभा कशीबशी भरेल, दोन जण गावाला गेले तर गणपूर्ती नाही. ज्या नऊ घरांत वारस नोंद नाही तिथे भावाभावांत वाद आहेत, बहिणींची नावे कोणी घेत नाही, आणि नामनिर्देशन केलेच असेल तर नॉमिनी स्वतःला मालक समजतो. नॉमिनी मालक नसतो. संस्थेने व्यवहार कोणाशी करायचा एवढ्यापुरते ते नाव असते, हक्क वारसांचाच राहतो. वारस नोंदीसाठी अर्ज, मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रे आणि समितीचा ठराव एवढे लागते. हे काम वर्षाला दोन घरे या गतीने केले असते तर आज हा पेच नसता.

समितीची मुदत पाच वर्षांची. ती संपून निवडणूक झाली नाही तर निबंधक प्रशासक नेमू शकतात. २५० पर्यंत सभासद असलेल्या छोट्या संस्थांना आता आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा आहे, खर्चही नगण्य. लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी, आणि ऑडिटरने काढलेल्या दोषांवर 'ओ' नमुन्यातला दुरुस्ती अहवाल. पुष्कळ संस्थांत ऑडिटर शेरे मारतो, अ-ब-क-ड पैकी एक वर्ग देतो आणि फाइल बंद होते. 'ओ' नमुना कोणी भरतच नाही. इंग्लंडमध्ये धर्मादाय गृहनिर्माण संस्थांवर एक नियामक आहे. तो कारभाराला एक श्रेणी देतो, आर्थिक ताकदीला वेगळी देतो आणि दोन्ही जाहीर करतो. पैसा असून कारभार बिघडलेला असू शकतो आणि उलटही होते, हे त्या दोन श्रेणींत वेगवेगळे दिसते. आपल्याकडचे एक अक्षरसुद्धा सूचना फलकावर लागत नाही.

हे फक्त गृहनिर्माण संस्थांपुरते नाही. विहार, वसतिगृहे, सांस्कृतिक भवने ज्या विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत तिथे तर सभासदांना मतही नसते. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस पाडले गेले. बाबासाहेबांनीच स्थापन केलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या विश्वस्तांचे म्हणणे होते की इमारत धोकादायक आहे आणि तिथे नवे बहुमजली भवन उभे करायचे आहे. रस्त्यावर उतरलेल्या हजारोंचा प्रश्न होता, तुम्हाला अधिकार कोणी दिला, समाजाला कधी विचारले? १९ जुलैचा मोर्चा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. आम्हीही त्यात होतो. पण घरी परतताना मनात आले की त्या पहाटेच्या आधी आपल्यापैकी किती जणांनी त्या ट्रस्टच्या विश्वस्तांची यादी धर्मादाय आयुक्त कार्यालयात जाऊन पाहिली होती? आम्ही तरी नव्हती पाहिली.

ती पाहता येते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० प्रमाणे विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, किंवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि इतर मिळकत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला, कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपल्या अनेक विहारांत मूळ विश्वस्त निर्वाणाला गेले, बदल अर्ज झाले नाहीत किंवा दोन गटांचे दोन अर्ज वर्षानुवर्षे पडून आहेत. अशा ट्रस्टच्या जागेवर कोणी अतिक्रमण केले तर दावा दाखल करायला कायदेशीर माणूसच उरत नाही.

तरुण कार्यकर्त्यांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, राग आला तरी चालेल. व्हॉट्सअॅपवर 'भ्रष्ट कमिटी हटाव' टाकणे सोपे आहे. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त या भिक्खूंची हकीकत येते. संघातल्या भिक्खूंना राहायच्या जागा वाटून देण्याची जबाबदारी संघाने त्यांच्यावर सोपवली होती. ज्यांच्या वाट्याला हलकी जागा आली त्यांनी दब्बांवर खोटा आरोप रचला. संघाने चौकशी केली, आरोप खोटा ठरला. घरवाटपाचे काम करणाऱ्यावर आरोप होणे अडीच हजार वर्षे जुने आहे, आणि त्यावर उपाय म्हणून चौकशीही तितकीच जुनी आहे. सभासदाला लेखे तपासण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. आधी लेखी अर्ज द्या. थेट संस्थेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकून उपयोग नाही, कारण सहकारी संस्था सरसकट सार्वजनिक प्राधिकरणात मोडत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. पण निबंधक कार्यालय मोडते, आणि संस्थेची जी कागदपत्रे निबंधक कायद्याने मागवू शकतात ती तिथून मागता येतात.

दुसरीकडे, हिशोब मागितला की 'चळवळीत फूट पाडतो' म्हणणाऱ्या ज्येष्ठांचेही आम्हाला नवल वाटते. साहेबांना प्रश्न विचारायचा नाही ही रीत आपल्या घरची नव्हे.

त्या सभेत सर्वांत नेमके प्रश्न एका बाईने विचारले. घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून त्या सभासद नव्हत्या आणि बोलण्याचा हक्क आहे की नाही असे आधी कुजबुजले गेले. त्या बचत गटाच्या सचिव आहेत. दर महिन्याला बैठक, दहा जणींसमोर मोजून पैसे, वहीत नोंद, पासबुक बँकेतून भरून आणणे, हे त्या गेली नऊ वर्षे करत आहेत. त्या म्हणाल्या, 'आमच्या गटात पन्नास रुपयांचा फरक आला तर कोणी उठत नाही. तुम्ही आठ वर्षं कसे उठलात?' एरवी समितीतल्या महिलांच्या राखीव जागा कागदावर भरल्या जातात आणि सही घरी जाऊन घेतली जाते. अशी समिती चालवता येईल अशा बाया वस्तीत आधीपासून आहेत, फक्त भाग दाखला त्यांच्या नावावर नाही.

त्यानंतर चार रविवार गेले. पेटीतली कागदपत्रे लावून त्यांची यादी झाली आहे. बँकेचे उतारे मागवले आहेत. पतसंस्थेला ठेवीबाबत पत्र गेले, उत्तर आलेले नाही. थकलेल्या वर्षांच्या लेखापरीक्षणासाठी निबंधकांच्या नामिकेवरच्या ऑडिटरशी बोलणे झाले, त्यांची फी घरटी वर्गणी काढून द्यायचे ठरले आणि अकरा थकबाकीदारांपैकी सहा जणांनी पैसे भरले. वारस नोंदीचे चार अर्ज आले. त्यातल्या दोन अर्जांत बहिणींची नावे आहेत. बिल्डरच्या माणसाला सचिव काकांनी फोनवर सांगितले की सप्टेंबरच्या सभेपर्यंत संस्था कोणाशीही बोलणार नाही. तो म्हणाला, तोपर्यंत रेट बदलेल. 'जे' नमुन्याची यादी सध्या त्याच बाई लिहीत आहेत. सतरा नावांपर्यंत आली आहे.